गाडीमागे गाडी चालवणारं गणित कसं उभं करावं

वाहतुकीचं गणित दोन वाटांनी मांडता येतं. एका वाटेत सगळी वाहतूक नळातल्या पाण्यासारखी धरतात: घनता, सरासरी वेग, तासाला किती गाड्या गेल्या. दुसऱ्या वाटेत प्रत्येक गाडी वेगळी असते आणि तिचा चालक पुढच्या क्षणी काय करेल ते समीकरणात लिहिलेलं असतं. सिग्नल किती सेकंदांचा ठेवावा, लेन बंद झाल्यावर रांग कुठवर जाईल, आपोआप अंतर राखणाऱ्या गाड्या वाढल्या तर कोंडी कमी होईल का, अशा प्रश्नांना दुसरी वाट लागते. इथे त्या वाटेचा पाया घालू: एक लेन, एकामागे एक गाड्या आणि पुढच्याकडे पाहून वेग ठरवणारा चालक.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ही मॉडेलं फसतात ती बहुतेक वेळा सूत्रामुळे नाही, तर अंतर, चिन्ह आणि क्रम यांच्या हिशोबामुळे. सूत्र दोन ओळींचं आहे. वेळ हिशोबावर घालवावा.

कोणतं मॉडेल घ्यावं

१९५० च्या दशकातल्या पहिल्या मॉडेलांमध्ये प्रवेग फक्त वेगफरकावर अवलंबून होता: पुढची गाडी माझ्याहून हळू असेल तर ब्रेक, वेगाने असेल तर अ‍ॅक्सिलरेटर. त्यात मोठी त्रुटी आहे. दोन्ही गाड्यांचा वेग सारखा असला की मॉडेल शांत बसतं, मग मधलं अंतर एक मीटर असो की शंभर. शिवाय पुढे गाडीच नसेल तर काय करायचं, हे त्याला ठाऊक नसतं. १९७४ चं वीडेमानचं मॉडेल माणसाला फरक जाणवण्याच्या उंबरठ्यांवर उभं आहे, आणि वाहतुकीचं व्हिसिम हे सॉफ्टवेअर ते आणि त्याचं पुढचं रूप वापरतं. १९८१ चं गिप्सचं मॉडेल सुरक्षित वेगाची मर्यादा काढतं. सुमो या दुसऱ्या वाहतूक-सॉफ्टवेअरमध्ये काही न सांगता मिळणारं क्राउसचं मॉडेलही त्याच घराण्यातलं. १९९२ चं नागेल–श्रेकेनबर्ग मॉडेल रस्त्याचे ७.५ मीटरचे चौकोन पाडतं आणि एका सेकंदाच्या उड्यांनी गाड्या हलवतं. अख्ख्या शहराचं जाळं चालवायचं असेल तर ते फार वेगवान पडतं, पण एका गाडीचं ब्रेक मारणं त्यात नीट दिसत नाही.

सुरुवात करायला इंटेलिजंट ड्रायव्हर मॉडेल, म्हणजे आयडीएम, घ्यावं. ट्रायबर, हेनेके आणि हेल्बिंग यांनी ते २००० साली मांडलं. त्यातल्या पाचही पॅरामीटरना, म्हणजे आपण ठरवायच्या आकड्यांना, रस्त्यावर बोट ठेवून दाखवता येईल असा अर्थ आहे. उत्तर चुकलं तर कोणता स्क्रू पिळायचा ते कळतं, आणि शिकणाऱ्याला यापेक्षा मोठी सोय नाही.

अंतराचा हिशोब

प्रत्येक गाडीचं स्थान म्हणजे तिच्या पुढच्या बंपरचं स्थान, असं एकदाच ठरवावं आणि शेवटपर्यंत पाळावं. मग:

खरं अंतर = पुढच्या गाडीचं स्थान − पुढच्या गाडीची लांबी − आपलं स्थान

वजा करायची लांबी पुढच्या गाडीची, आपली नाही. सगळ्या गाड्या ५ मीटरच्या असतील तोवर ही चूक लपून राहते. रांगेत १२ मीटरचा ट्रक आला की मागची गाडी त्याच्या पोटात शिरते, नाहीतर ट्रक पुढच्या गाडीपासून विनाकारण लांब थांबतो.

वेगफरक = आपला वेग − पुढच्याचा वेग. जवळ येत असू तर धन, मागे पडत असू तर ऋण. काही ठिकाणी हे चिन्ह उलटं धरलेलं सापडेल. दोन ठिकाणची सूत्रं एकत्र करण्याआधी ते पाहून घ्यावं.

सूत्र आणि एक हातानं सोडवलेलं उदाहरण

प्रवेग = क × [१ − (वेग ÷ इच्छित वेग)^४ − (हवं अंतर ÷ खरं अंतर)^२]

हवं अंतर = किमान अंतर + वेग × कालांतर + (वेग × वेगफरक) ÷ (२ × √(क × म))

इथे क म्हणजे कमाल प्रवेग आणि म म्हणजे आरामात मारलेल्या ब्रेकचं मंदन. महामार्गासाठी सुरुवातीचे आकडे असे घ्यावेत: इच्छित वेग ३० मी./से., म्हणजे १०८ किमी/तास, कालांतर १.५ सेकंद; किमान अंतर २ मीटर; क = १ मी./से.²; म = १.५ मी./से.². शहरात इच्छित वेग १५ मी./से. ठेवावा. कालांतर म्हणजे चालकाचा प्रतिक्रियेचा वेळ नव्हे. पुढच्या गाडीमागे किती सेकंदांचं अंतर ठेवून चालायचं, ते कालांतर. आयडीएममध्ये प्रतिक्रियेला उशीर मुळी धरलेलाच नाही. हे दोन्ही एकच समजले की पुढचं सगळं कॅलिब्रेशन, म्हणजे पॅरामीटर खऱ्या नोंदींशी जुळवणं, वाकडं जातं.

आता आपली गाडी २० मी./से. वेगाने चालली आहे, पुढची १५ ने, मधलं अंतर ४० मीटर. किमान अंतर २, त्यात २० × १.५ = ३०. वेगफरकाचं पद: २० × ५ = १००, भागिले २ × १.२२५, म्हणजे ४०.८. हवं अंतर झालं ७२.८ मीटर. ७२.८ ÷ ४० चा वर्ग ३.३१, आणि (२० ÷ ३०)^४ = ०.१९८. म्हणून प्रवेग = १ − ०.१९८ − ३.३१ = −२.५१ मी./से.². हा बऱ्यापैकी जोराचा ब्रेक झाला. पुढचीही २० नेच चालली असती तर हवं अंतर ३२ आणि प्रवेग +०.१६ आला असता, म्हणजे गाडी अजून थोडी जवळ सरकली असती. प्रोग्राम लिहून झाल्यावर सर्वांत आधी हे दोन आकडे जुळतात का ते पाहावं. जुळत नसतील तर पुढे जाऊ नये.

गाड्या हलवणं

कालटप्पा ०.१ सेकंद ठेवावा. प्रत्येक टप्प्यात आधी सगळ्या गाड्यांचे प्रवेग काढून बाजूला ठेवायचे, आणि मगच सगळ्यांचे वेग व स्थानं एकदम बदलायची. एकाच फेरीत काढत-बदलत गेलं तर मागच्या गाडीला पुढच्याचं जुनं स्थान मिळेल की नवं, हे यादीतल्या क्रमावर ठरतं. यादी उलटी केली की निकाल बदलतो. प्रोग्राममध्ये हा दोष आहे का, हे पकडायचीही तीच युक्ती: यादी उलटी करून पुन्हा चालवा आणि निकाल हुबेहूब तोच येतो का ते बघा.

नवा वेग = वेग + प्रवेग × टप्पा. नवं स्थान = स्थान + वेग × टप्पा + ½ × प्रवेग × टप्पा². थांबताना नवा वेग ऋण येऊ शकतो, आणि तसाच सोडला तर गाडी मागे सरकते. तेव्हा वेग शून्य करावा आणि स्थानात वेग² ÷ (२ × मंदन) एवढीच भर घालावी. टप्प्याच्या मध्येच गाडी थांबली, त्याचा हा हिशोब. नुसता वेग शून्य करून स्थान जुन्याच सूत्राने बदललं तर थांबलेली रांग दर टप्प्याला काही मिलिमीटर मागे सरकत राहते.

लाल सिग्नलसाठी वेगळं सूत्र लिहायला नको. थांबरेषेवर शून्य लांबीची, शून्य वेगाची एक काल्पनिक गाडी उभी करावी. हिरवा झाला की ती काढून टाकावी.

सूत्र जिथे दगा देतं

तीन जागा माहीत असाव्यात. तिन्ही ठिकाणी प्रोग्राम बिनचूक असूनही गाडी विचित्र वागते.

पहिली जागा: पुढची गाडी बरीच वेगात असते तेव्हा. आपण २० ने, पुढची ३० ने, अंतर ४० मीटर. वेगफरक −१०, त्याचं पद −८१.६, म्हणून हवं अंतर −४९.६ मीटर. आता त्याचा वर्ग होतो आणि ऋण चिन्ह हरवतं: १.५४. प्रवेग निघतो −०.७४. पुढची गाडी पळून चालली आहे आणि आपली गाडी ब्रेक मारते आहे! उपाय छोटा आहे. हव्या अंतरातली कालांतर आणि वेगफरक ही दोन पदं मिळून शून्याखाली जाऊ द्यायची नाहीत. म्हणजे किमान अंतरात ही बेरीज किंवा शून्य, यांतलं जे मोठं ते मिळवायचं. त्यानंतर याच उदाहरणात प्रवेग +०.८ येतो, आणि तो बरोबर आहे.

दुसरी जागा: शेजारच्या लेनमधून कुणी आत घुसतं. वेग दोघांचाही २०, पण अंतर अचानक ५ मीटर. ३२ ÷ ५ चा वर्ग ४१, आणि प्रवेग −४० मी./से.². हे गुरुत्वाकर्षणाच्या चौपट झालं. कोरड्या रस्त्यावर चांगले टायरही ८–९ च्या पुढे जात नाहीत. खरा चालक अशा वेळी ब्रेकवर उभा राहत नाही. पुढचाही त्याच वेगाने चालला आहे हे त्याला दिसत असतं, म्हणून तो पाय काढून घेतो आणि अंतर हळूहळू वाढू देतो. −८ वर कात्री लावणं ही किमान दुरुस्ती. पण एवढ्यावर भागवलं तर घुसाघुसीच्या जागी मागच्या रांगेत खोट्या कोंड्या उठतात. आत घुसलेल्या गाडीचा प्रवेग तसाच राहील असं धरून प्रतिसाद सौम्य करणारी सुधारित रूपं आहेत. रॅम्पचा अभ्यास असेल तर तीच घ्यावीत.

तिसरी जागा: वेगमर्यादा एकदम खाली येते. गाडी ३० ने चालली आहे आणि इच्छित वेग १५ झाला. २ चा चौथा घात १६, म्हणून प्रवेग −१५. वेग इच्छित वेगापेक्षा जास्त असेल तेव्हा पहिल्या दोन पदांऐवजी −म × [१ − (इच्छित वेग ÷ वेग)^(४क÷म)] हे रूप वापरावं. याच उदाहरणात ते −१.२६ देतं. पाटी पाहून पाय काढणारा चालक साधारण असाच वागतो.

दगा म्हणता येणार नाही, पण आणखी एक खोड माहीत असावी. इच्छित वेगाच्या जवळ आलं की आयडीएम गरजेपेक्षा जास्त अंतर ठेवतं. समतोलात, म्हणजे सगळ्या गाड्या एकाच स्थिर वेगाने चालल्या असताना, अंतर असतं (किमान अंतर + वेग × कालांतर) ÷ √(१ − (वेग ÷ इच्छित वेग)^४). वेग २० असताना ३२ ऐवजी ३५.७ मीटर, हे चालून जातं. २७ ला मात्र ४२.५ ऐवजी ७२.५ मीटर येतं, म्हणजे प्रत्यक्ष कालांतर १.५ नव्हे, २.६ सेकंद. लेनची क्षमता कमी येते अशी तक्रार असेल तर आधी इथे बघावं. कालांतर कमी करून ती तक्रार दाबली तर कोंडीतलं वागणं बिघडतं.

चाचण्या, आणि त्यांचा क्रम

एक गाडी, मोकळा रस्ता, शून्यातून सुरुवात. वरच्या आकड्यांनी ती २७ मी./से. ला सुमारे ३३ सेकंदांत पोहोचली पाहिजे.

एक गाडी, २० मी./से., २०० मीटरवर थांबरेषा. गाडी रेषेच्या २ मीटर अलीकडे थांबावी. ब्रेक आधी हलका, मग वाढत जाऊन १.५ ते १.८ मी./से.² च्या दरम्यान कळसाला पोहोचावा. शेवटचे काही सेंटिमीटर ती फार सावकाश सरकते, तो दोष नव्हे.

मग समतोलातली रांग. २० मी./से. ला ३५.७ मीटर अंतर आणि ५ मीटर गाडी मिळून ४०.७ मीटर, म्हणजे किलोमीटरला साधारण २४.६ गाड्या आणि तासाला सुमारे १,७७०. काल्पनिक डिटेक्टरवरही, म्हणजे रस्त्यावर एका जागी गाड्या आणि त्यांचे वेग मोजणाऱ्या यंत्रावरही, हेच यायला हवं. डिटेक्टरवरून घनता काढताना वेगांची साधी सरासरी घेऊ नये, हरात्मक सरासरी (१ ÷ वेग यांच्या सरासरीचा व्यस्त) घ्यावी. निम्म्या गाड्या १० ने आणि निम्म्या ३० ने जात असतील तर साधी सरासरी २० येते, हरात्मक १५. साध्या सरासरीने घनता खऱ्यापेक्षा कमी दिसते, आणि नेमकी कोंडीतच जास्त चुकते.

खरी कसोटी मात्र रिंगवर लागते. २००८ साली जपानमधल्या सुगियामा आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला: २३० मीटर परिघाच्या वर्तुळावर २२ गाड्या, अडथळा एकही नाही, चालकांना एवढंच सांगितलं होतं की साधारण ३० किमी/तासाने चालवत राहा. थोड्याच वेळात कारण नसताना कोंडी तयार झाली आणि ती गाड्यांच्या उलट दिशेने, मागे मागे, सरकू लागली. हा प्रयोग तुमच्या मॉडेलमध्ये करावा. गाड्यांची लांबी ४.५ मीटर, सगळ्या समान अंतरावर, वेग २.६ मी./से. च्या आसपास, कारण आपल्या आकड्यांना एवढ्या अंतरावर समतोल तिथेच येतो. एका गाडीला सेकंदभर हलका ब्रेक मारायला लावा आणि बघत बसा.

क = ०.५ आणि कालांतर १.५ ठेवलं तर ती छोटीशी गडबड वाढत जाते आणि काही मिनिटांत रुका-चालाची लाट स्थिर होते. क = २ केलं की तीच गडबड विरून जाते. कारण सरळ आहे. चालक पटकन वेग पकडत नसेल तर प्रत्येक मागचा चालक उशीर भरून काढायला पुढच्यापेक्षा थोडा जास्त ब्रेक मारतो. अगदी कमी वेगात हा उंबरठा साधारण क = किमान अंतर ÷ कालांतर² असतो, म्हणजे आपल्या आकड्यांना ०.८९. त्याच्या खाली रांग डळमळीत. वेग वाढला की उंबरठाही हलतो, म्हणून क = १ वर रिंग जेमतेम काठावर असते. एक गाडी एकटी अगदी गुळगुळीत चालते आणि तिच्याच बावीस प्रती एकत्र आल्या की कोंडी होते, हे इथे डोळ्यांनी दिसतं. म्हणून नुसत्या जोडीवर तपासलेल्या मॉडेलवर भिस्त ठेवू नये.

लाट पुढे सरकताना दिसली तर चिन्हाची चूक आहे. खऱ्या रस्त्यांवर कोंडीची लाट साधारण १५ ते २० किमी/तासाने मागे जाते. (लांबी + किमान अंतर) ÷ कालांतर हा कच्चा अंदाज ४.५ मीटरच्या गाडीला १५.६ किमी/तास देतो.

कॅलिब्रेशन

लागतात त्या जोडीच्या नोंदी: पुढची आणि मागची गाडी, दोघांचं स्थान व वेग, सेकंदाला निदान दहा वेळा. व्हिडिओवरून काढलेली स्थानं थेट वापरू नयेत. स्थानात फक्त ५ सेंटिमीटरची यादृच्छिक चूक असेल आणि टप्पा ०.१ सेकंद असेल, तर दोनदा फरक काढून मिळालेल्या प्रवेगात १२ मी./से.² इतकी चूक शिरते. म्हणजे ब्रेकच्या खऱ्या आकड्यापेक्षा गोंगाटच मोठा. अमेरिकेतल्या रस्त्यांच्या व्हिडिओवरून काढलेल्या २००५ च्या एनजीसिम नोंदींमध्ये अशक्य वाटणारे प्रवेग दिसतात ते यामुळेच. आधी स्थान गुळगुळीत करावं, मग वेग काढावा. प्रवेगाशी मॉडेल जुळवण्याचा नाद सोडावा.

पुढच्या गाडीची नोंद जशीच्या तशी घ्यायची. मागच्या गाडीचं फक्त पहिलं स्थान आणि पहिला वेग द्यायचा, आणि बाकी प्रवास मॉडेलला करू द्यायचा. तुलना अंतराची करायची, वेगाची नाही. वेग छान जुळूनही अंतर दहा मीटरने वाहवत जाऊ शकतं, पण अंतर शेवटपर्यंत जुळलं तर वेग आपोआप जुळतो. चूक मोजताना अंतराच्या लॉगॅरिदमचा फरक घ्यावा. नाहीतर ८० मीटरवरची ४ मीटरची चूक आणि ५ मीटरवरची ४ मीटरची चूक सारखीच मोजली जाते, आणि दुसरी तर अपघाताच्या दारातली.

शोधाच्या सीमा घालाव्यात: कालांतर ०.३ ते ३, किमान अंतर ०.५ ते ५, क आणि म ०.२ ते ४, इच्छित वेग ५ ते ४५. शोध वेगवेगळ्या जागांहून निदान पाच-सहा वेळा सुरू करावा. एखादा पॅरामीटर सीमेला चिकटला तर त्या नोंदीत त्याची माहितीच नाही, असं समजावं. कोंडीतल्या नोंदीतून इच्छित वेग निघत नाही, आणि संथ पाठलागातून क आणि म निघत नाहीत. मध्येच कुणी घुसलं असेल तर नोंद तिथे तोडून दोन तुकडे करावेत.

पन्नास चालकांचे संच हाती आले की प्रत्येक पॅरामीटरची सरासरी काढून ‘सरासरी चालक’ बनवायचा मोह होतो. तो टाळावा. हे आकडे एकमेकांशी बांधलेले असतात. वेगवेगळ्या सरासऱ्यांच्या गाठोड्यातून रस्त्यावर नसलेला चालक तयार होतो. सिम्युलेशनमध्ये गाडी सोडताना त्या पन्नासांतला एक अख्खा संच उचलावा. रांगेत ट्रक असतील तर त्यांचे संच वेगळे ठेवावेत: लांबी १२ ते १६ मीटर, इच्छित वेग साधारण ८० किमी/तास, क कमी.

लेन बदलणं

आयडीएमवर केस्टिंग, ट्रायबर आणि हेल्बिंग यांचं २००७ चं मोबिल हे लेन बदलण्याचं मॉडेल बसवता येतं. त्यात दोन प्रश्न असतात. मी गेल्यावर नव्या लेनमधल्या मागच्या गाडीला ४ मी./से.² पेक्षा जोरात ब्रेक मारावा लागेल का? लागत असेल तर जायचं नाही. नसेल, तर माझा प्रवेग किती वाढतो, त्यात मागच्या दोघांच्या नफ्या-तोट्याचा काही हिस्सा, समजा ०.२ पट, मिळवायचा. ही बेरीज ०.१ मी./से.² पेक्षा जास्त भरली तरच लेन बदलायची. ०.१ चा हा उंबरठा शून्य केला तर गाड्या दर काही टप्प्यांना लेन बदलत नाचू लागतात. शिवाय एकदा लेन बदलली की काही सेकंद पुन्हा विचारच करू नये, असा नियम घालावा.

दुचाकी आणि मोटारी एकाच लेनमध्ये शेजारी-शेजारी चालतात तिथे ‘पुढची गाडी’ एकच नसते. तिथे लेनच्या अर्धा-एक मीटर रुंदीच्या पट्ट्या पाडाव्यात आणि आपल्या रुंदीत येणाऱ्या सगळ्या पट्ट्यांतल्या पुढच्या वाहनांपैकी जो सर्वांत जोराचा ब्रेक मागेल त्याचा प्रवेग घ्यावा.

निकाल नोंदवण्याआधी रस्ता भरू द्यावा. रिकाम्या रस्त्यावर सुरू झालेली पहिली काही मिनिटं मोजणीत धरू नयेत. हा वेळ निदान रस्त्याची पूर्ण लांबी एकदा पार करायला लागेल इतका असावा. यादृच्छिक संख्यांचं बीज (ज्या आकड्यापासून त्यांची मालिका सुरू होते तो) बदलून किमान दहा वेळा चालवावं आणि सरासरीबरोबर पसाराही लिहावा. कोंडीच्या उंबरठ्याजवळ दोन बीजांत एकदा रांग लागते आणि एकदा लागत नाही. तिथे सरासरी रांगेची लांबी हा आकडा दोन्हींपैकी कोणत्याच दिवसाचा नसतो, म्हणून किती वेळा कोंडी झाली ते वेगळं मोजावं.